‘नैसर्गिक’ वाइन, दोन जिभा आणि तीन एकर

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न मला सारखा येतो. ‘ताई, लिटरेचर रिव्ह्यूमध्ये कोण काय म्हणालं एवढंच लिहू नका, टीका करा, असं गाइड सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय?’

बहुतेकांना वाटतं टीका म्हणजे चुका काढणं. मग ते दुसऱ्याच्या पेपरमध्ये ‘सॅम्पल लहान होतं’ एवढं एक वाक्य शोधतात आणि मोकळे होतात. त्याने काही हाती लागत नाही. टीकेचं पहिलं काम असतं दावा सुटा करणं. समोरचा एका वाक्यात किती गोष्टी म्हणतोय, त्यातली प्रत्येक गोष्ट कशाने तपासता येईल, आणि त्याने दाखवलेला पुरावा त्यातल्या कुठल्या गोष्टीला लागू पडतो, हे बघायचं. नियम म्हणून वाचलं की हे डोक्यावरून जातं, म्हणून आज एक परीक्षण करूनच दाखवते. परीक्षण एका जेवणाचं आहे. दोन मैत्रिणी, एक रेस्टॉरंट, तीन नॅचरल वाइन.

थोडी पार्श्वभूमी. मी फ्रान्समध्ये ल्योनला पीएचडी करते. विषय आहे अन्नाचं सेन्सरी मूल्यमापन, म्हणजे माणसांच्या नाक-जिभेकडून भरवशाची माहिती कशी मिळवायची. माझी मैत्रीण नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. इथे शेतीचं शिक्षण घेतलं आणि आता ती घरी परत चालली आहे. वडिलांनी तिला बागेतले तीन एकर देऊ केलेत, ‘तुला काय करायचं ते कर’ म्हणून. तिच्या मनात वाइनची द्राक्षं लावायचं आहे, आणि जमलं तर ‘नैसर्गिक’ वाइन करायचं. त्यामुळे त्या रात्री टेबलावर जे बोललं गेलं ते तिच्यासाठी नुसत्या गप्पा नव्हत्या. वेटरचं एखादं वाक्य खरं मानून ती तीन एकरांवर पैसा आणि काही वर्षं घालणार होती.

आधी शब्द तपासू

‘नॅचरल वाइन’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर लॅबला नावं ठेवणारा, दाढीवाला शेतकरी येतो. गंमत अशी की या चळवळीचा मूळपुरुष लॅबमधलाच माणूस होता. झ्यूल शोव्हे, १९०७ ते १९८९. ल्योनच्या उत्तरेला असलेल्या बोजोले भागातला हा वाइनचा व्यापारी रसायनशास्त्र जाणणारा होता. यीस्ट आणि आंबवण्याच्या प्रक्रियेचा त्याने बारकाईने अभ्यास केला. सल्फाइट न घालता वाइन टिकवायची असेल तर द्राक्षं निरोगी हवीत, स्वच्छता काटेकोर हवी आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय चाललंय त्यावर लक्ष हवं, अशी त्याची शिस्त होती. १९८० च्या दशकात मोर्गोन गावाकडचा मार्सेल लापिएर आणि त्याचे काही सोबती याच वाटेने गेले, आणि तिथून हा विचार पॅरिसच्या वाइन बारपर्यंत पोचला.

पुढे शब्द पसरला आणि सैल झाला. बरीच वर्षं ‘नॅचरल’ म्हणजे काय याची कुठे अधिकृत व्याख्याच नव्हती. २०२० साली फ्रान्समध्ये ‘व्हाँ मेतोद नात्यूर’ नावाची एक सनद आली. तिच्या मुख्य अटी अशा: द्राक्षं प्रमाणित सेंद्रिय आणि हाताने तोडलेली, यीस्ट द्राक्षाबरोबर आलेलंच, बाहेरून काही घालायचं नाही, गाळणीसारख्या प्रक्रिया नाहीत. सल्फाइट घातलंच तर आंबवून झाल्यावर, आणि एकूण प्रमाण लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. तुलनेसाठी सांगते, युरोपीय संघात साध्या कोरड्या लाल वाइनला १५० आणि पांढरीला २०० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे.

ही सनद ऐच्छिक आहे. कुणी नुसतं बोलण्यात किंवा मेन्यूकार्डावर ‘नॅचरल’ म्हणत असेल, तर त्यामागे ती असेलच असं नाही. म्हणून वाचताना किंवा ऐकताना हा शब्द फोडून घ्या. त्यात निदान चार दावे असतात:

१. शेताबद्दल: द्राक्षं कशी पिकवली.
२. तळघराबद्दल: वाइन करताना काय घातलं, काय काढलं.
३. चवीबद्दल: ही जास्त ‘खरी’, जास्त ‘जिवंत’ लागते.
४. तब्येतीबद्दल: ही बाधत नाही, डोकं दुखत नाही.

पहिल्या दोन दाव्यांना कागद लागतात, तिसऱ्याला जिभा आणि चौथ्याला वैद्यकीय पुरावा. जेवणाच्या टेबलावर आपल्याकडे फक्त जिभा होत्या, त्याही दोनच.

आता टेबलावर

पहिली होती पेत-नात. ही फसफसणारी वाइन आंबणं पूर्ण व्हायच्या आधीच बाटलीत भरतात. उरलेली साखर बाटलीत आंबते आणि त्यातून निघणारा वायू आतच कोंडला जातो. आमच्या ग्लासातली लुआर खोऱ्यातल्या शेनँ द्राक्षाची होती, दिसायला गढूळ. हिरव्या सफरचंदासारखी, शेवटी ताज्या ताकासारखा आंबूसपणा. सुरुवातीला चांगली होती, पण एकसुरी. मैत्रिणीला आवडली. मला अर्ध्या ग्लासानंतर कंटाळा आला.

दुसरी ‘ऑरेंज’. द्राक्षं पांढरीच, पण रस सालींसकट आंबवलेला, त्यामुळे रंग केशरी आणि जिभेवर चहासारखा तुरटपणा. ही पद्धत जॉर्जियात फार जुनी आहे. तिथे जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणांत, म्हणजे क्वेव्रीत, वाइन करतात. ती परंपरा २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. या ग्लासाबरोबर आम्ही ल्योनचा एक जुना पदार्थ घेतला, सेर्वेल द कानू. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, पण असतं ते ताजं चीज: चक्क्यात लसूण, हिरवी पात आणि थोडं तेल घालून फेटावं तसं. त्या चीजचा स्निग्धपणा आणि वाइनचा तुरटपणा यांची जोडी छान जमली. त्या रात्रीचा सगळ्यात चांगला घास आणि घोट हाच. यावर आमचं दोघींचं एकमत होतं.

तिसरी बाटली बोजोलेची, गामे द्राक्षाची लाल. कार्डावर लिहिलं होतं ‘सल्फाइट अजिबात न घालता’. उघडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं अप्रतिम. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, करवंदं!’ आणि मलाही तेच वाटलं. पण अर्ध्या तासाने गडबड सुरू झाली. घोट गिळला की काही सेकंदांनी मागून एक चव वर यायची, बंद खोलीत ठेवलेल्या धान्याच्या पोत्यासारखी. ती जाता जात नव्हती. ग्लास हुंगला तर काहीच नाही. गिळल्यावरच.

मी मैत्रिणीला एवढंच विचारलं, ‘तुला शेवटी काही जाणवतंय का?’ प्रश्न मुद्दाम असा मोघम ठेवला. ‘तुला उंदरासारखा वास येतोय का?’ असं विचारलं असतं तर तिने उंदीर शोधला असता आणि बहुधा तिला तो सापडलाही असता. मुलाखती घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. ती म्हणाली, ‘काही नाही गं, करवंदंच. थोडी पिकलेली.’ आणि तिने आणखी ओतून घेतली.

मग मी वेटरला विचारलं. माणूस अगदी सौजन्याने बोलणारा होता. त्याने चाखली, हसला आणि म्हणाला, ‘ही वाइन जिवंत आहे. जिवंत गोष्ट बदलत राहते.’

‘जिवंत आहे’ हे स्पष्टीकरण का चालत नाही

या वाक्यापाशी जरा थांबू. असं वाक्य तुम्हाला संशोधनात शंभरदा भेटेल, फक्त कपडे बदलून.

वाइन छान लागली तर ती जिवंत आहे म्हणून. बिघडली तरी जिवंत आहे म्हणून. उद्या परत सुधारली तरी कारण तेच. कुठलाही निकाल लागला तरी जे स्पष्टीकरण बरोबरच ठरतं, ते आपल्याला काहीच सांगत नाही. कार्ल पॉपरने वैज्ञानिक विधानाची कसोटी म्हणून हेच मांडलं होतं: काय दिसलं तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल, ते आधी सांगा. तुमच्या प्रस्तावात ‘सामाजिक घटकांचा परिणाम’, ‘गुंतागुंतीचं वास्तव’ असले शब्द येतात तेव्हा हाच प्रश्न स्वतःला विचारा. हे शब्द खोटे नसतात. ते कशालाही लागू पडतात ही अडचण आहे.

‘जिवंत’च्या जागी तपासता येईल असं विधान होतं का? होतं. वाइनमध्ये काही लॅक्टिक जिवाणू आणि ब्रेट्टानोमायसिस नावाचं यीस्ट काही नायट्रोजनयुक्त संयुगं तयार करतात. त्यातून येणाऱ्या दोषाला इंग्रजीत ‘माउसीनेस’ म्हणतात, फ्रेंचमध्येही नाव उंदरावरूनच आहे. सल्फाइट कमी किंवा अजिबात नसलेल्या वाइनमध्ये याचा धोका जास्त, आणि बाटली उघडून हवा लागली की तो वाढू शकतो. आता गंमत बघा. वाइन आम्ल असते, पीएच साधारण ३ ते ४. तेवढ्या आम्लात ही संयुगं अशा रूपात असतात की ती हवेत उडत नाहीत, म्हणून ग्लास हुंगून कळत नाही. तोंडात लाळेमुळे आम्लता उतरली की ती मोकळी होतात आणि घशामागून नाकापर्यंत पोचतात. गिळल्यानंतर काही सेकंदांनी जाणवण्याचं कारण हे. लाळ आणि तोंडातला पीएच प्रत्येकाचा वेगळा, संवेदनशीलताही वेगळी. एकाच बाटलीतून एकीला उंदीर आणि दुसरीला करवंदं मिळणं रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी शक्य आहे.

हे विधान तपासता येतं. उरलेली वाइन बाटलीला बूच लावून आम्ही घरी आणली. दुसऱ्या दिवशी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि एकात चिमूटभर खायचा सोडा टाकला. सोड्याने आम्लता उतरते, म्हणजे तोंडात जे होतं ते ग्लासातच घडवायचं. मी काय शोधतेय ते मैत्रिणीला सांगितलं नव्हतं. सोडा कुठल्या ग्लासात आहे तेही नाही, पण रंग बदलतो म्हणून तिला डोळे मिटायला लावले. पहिला ग्लास हुंगून ती म्हणाली, ‘कालचीच.’ दुसरा हुंगला आणि एकदम म्हणाली, ‘अगं, हा तर आंबेमोहर! कुणी भात लावलाय?’

उंदीर की आंबेमोहर?

तिचं उत्तर वरवर विनोदी वाटलं तरी ते तसं नाही. आंबेमोहर आणि बासमतीच्या सुवासामागचा मुख्य रेणू आहे २-असिटिल-१-पायरोलिन. पॉपकॉर्नच्या वासातही तो असतो. वाइनमधल्या या उंदीर-दोषाशी जी तीन-चार संयुगं जोडली जातात, त्यांत हाच रेणू आहे. बाकीची त्याची जवळची भावंडं, खमंग बिस्किट किंवा भाजलेल्या धान्यासारख्या वासाची. मावळ-मुळशीच्या भाताच्या पातेल्यात ज्याचं कौतुक होतं, तोच रेणू वाइनमध्ये आला की परीक्षक बाटली परत पाठवतात.

इथे घाई करायची नाही. मैत्रिणीच्या नाकाने रेणू सिद्ध केला असं मी म्हणणार नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते, आणि आमच्या स्वयंपाकघरात होता फक्त सोडा. एक माणूस, एक फेरी, हा प्रयोग कुठल्याही जर्नलमध्ये छापून येणार नाही. पण एवढं नक्की कळलं की ‘मैत्रिणीला जाणवत नाही’ आणि ‘मैत्रिणीला आवडतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री तिला ती चव जाणवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी जाणवली, आणि तिला आवडली. रात्रीच मी ‘तिची जीभ कच्ची आहे’ असं ठरवून टाकलं असतं तर हा फरक कधीच दिसला नसता.

सेन्सरी अभ्यासात आम्ही हे काटेकोरपणे वेगळं ठेवतो. फरक कळतो का, हा एक प्रश्न. कशासारखा वाटतो, हा दुसरा. आवडतो का, हा तिसरा. तिन्हींची प्रश्नपत्रिका वेगळी आणि बरेचदा माणसंही वेगळी. प्रशिक्षित मंडळींना ‘आवडलं का’ विचारायचं नाही, कारण प्रशिक्षणाने त्यांची आवड बदललेली असते. ‘दोष’ हा शब्द मात्र हे तिन्ही प्रश्न एका झटक्यात उरकतो. शब्दात निवाडा आधीच भरलेला असला की मोजमाप करण्यात अर्थ राहत नाही. तुमच्या विषयात असे शब्द कुठले, ते शोधा. ‘मागास’, ‘गळती’, ‘अशुद्ध भाषा’ यांपासून सुरुवात करता येईल.

तरीही परीक्षण म्हटल्यावर निवाडा हवाच. माझा असा: माझ्या जिभेसाठी तिसरी बाटली अर्ध्या तासानंतर पिण्याजोगी राहिली नाही. ती उघडल्या उघडल्या संपवायची बाटली आहे आणि हे ग्राहकाला आधी सांगायला हवं होतं. मैत्रिणीचा निवाडा: ती रात्रीची दुसऱ्या क्रमांकाची वाइन. दोन्ही निवाडे इथे नोंदवते. सरासरी काढत नाही, कारण दोनच्या सरासरीतून कुणाचीच जीभ दिसत नाही.

गोष्ट आधी, घोट नंतर

आता कार्डाकडे वळू. प्रत्येक वाइनखाली बारा-पंधरा ओळींची गोष्ट होती: घोड्याने नांगरलेली जमीन, आजोबांचं तळघर, शहरातली नोकरी सोडून आलेलं जोडपं. वाचायला छान. पण एकूण सल्फाइट किती, बाटली कधी भरली, सनदेचं प्रमाणपत्र आहे का, यातलं एकही नाही. युरोपात डिसेंबर २०२३ नंतर केलेल्या वाइनला घटकांची यादी देणं बंधनकारक झालं आहे, लेबलवर किंवा क्यूआर कोडमध्ये. म्हणजे माहिती मिळू शकते, कार्डाने ती निवडली नाही. माझी या रेस्टॉरंटवरची मुख्य टीका ही. जेवण उत्तम, पहिल्या दोन वाइन चांगल्या, आणि कार्ड पहिल्या दोन दाव्यांचा पुरावा देण्याऐवजी तिसऱ्या दाव्यासाठी आपली जीभ तयार करतं.

जीभ अशी तयार होते का? होते. २००८ साली हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये वाइन दिली. एकच वाइन कधी कमी किमतीची म्हणून, कधी जास्त किमतीची म्हणून. किंमत जास्त सांगितली तेव्हा लोकांनी ती जास्त आवडल्याचं सांगितलं, आणि आनंदाशी जोडलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचालही वाढली.

दुसरा प्रयोग तुम्ही व्हॉट्सअॅपवर वाचला असेल: ‘पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग टाकला आणि तज्ज्ञ फसले!’ मूळ पेपर २००१ चा, बोर्दोच्या मोरो, ब्रोशे आणि द्यूबुर्दियू यांचा. तो उघडून वाचा. सहभागी होते ५४, आणि ते वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांना ‘ही लाल की पांढरी?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. आधी त्यांनी एका पांढऱ्या आणि एका लाल वाइनच्या वासाचं वर्णन केलं. काही दिवसांनी तीच पांढरी आणि तिचीच लाल रंग दिलेली जोडी समोर ठेवून विचारलं, की तुमच्या यादीतला प्रत्येक शब्द या दोघींपैकी कुणाला जास्त लागू पडतो? दोघींपैकी एक निवडणं भाग होतं. लाल फळांचे शब्द रंगीत ग्लासाकडे गेले. यातून रंग आणि वासाचे शब्द किती घट्ट बांधलेले आहेत ते दिसतं. ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ हे त्यातून निघत नाही. पेपर आणि त्याची दंतकथा यांतलं अंतर मोजणं हीसुद्धा टीकाच, आणि लिटरेचर रिव्ह्यूत तिची किंमत मोठी आहे.

चौथा दावा: डोकं दुखत नाही

बिल येता येता वेटर म्हणाला, ‘उद्या डोकं दुखणार नाही, सल्फाइट नाही ना!’ हा दावा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कच्चा. सल्फाइटचा काही लोकांना खरोखर त्रास होतो, विशेषतः दम्याच्या काही रुग्णांना, आणि तो गंभीर असू शकतो. म्हणूनच लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लेबलवर लिहावं लागतं. पण लाल वाइनने दुखणाऱ्या डोक्याचं खापर सल्फाइटवर फोडायचं, तर पांढऱ्या वाइनला सल्फाइटची परवानगी जास्त आहे याचं काय करायचं? गंधकाची धुरी दिलेले बेदाणे खाऊन आपण डोकं धरून का बसत नाही? शिवाय यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं, त्यामुळे ‘घातलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं होत नाही.

२०२३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगळा संशयित पुढे आणला. लाल वाइनमधल्या क्वेर्सेटिनपासून शरीरात बनणारं एक संयुग अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, असं त्यांना परीक्षानळीत दिसलं. माणसांवरची चाचणी ही त्याच्या पुढची पायरी. म्हणजे हेसुद्धा अजून गृहीतकच आहे, ते गृहीतक म्हणूनच लिहायचं. आणि एक गोष्ट कुठल्याच कार्डावर नसते: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्य १९८८ पासूनच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. त्यातून ‘नैसर्गिक’ला सूट नाही.

बोजोलेची कृती दिंडोरीला चालेल?

आता तीन एकर. मैत्रिणीने मला दुसऱ्या दिवशी सोड्याचे ग्लास धुताना विचारलं, ‘म्हणजे करू की नको?’ मी तिला हो-नाही सांगितलं नाही. आम्ही दावे घेऊन बसलो.

शेत. ‘नैसर्गिक म्हणजे फवारणी नाही’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते तसं नाही. युरोपात सेंद्रिय द्राक्षबागेतही तांबं आणि गंधक चालतं. तांब्याला मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण तिचे वडील वापरतात, त्याचा शोध १८८० च्या दशकात बोर्दोमध्येच लागला, केवडा रोगावर. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की दिंडोरीत केवड्याचं काय होतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तळघर. सल्फाइटचा जो भाग जंतूंवर खरा काम करतो, त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. पीएच ३.२ असेल तर मोकळ्या सल्फाइटपैकी सुमारे ४ टक्के कामाचं, ३.८ झाला तर जेमतेम १ टक्का. उष्ण हवेत पिकलेल्या द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं आणि पीएच चढतो. बोजोलेत तोडणी साधारण सप्टेंबरात, नंतर हवा थंडावत जाते. नाशिककडे वाइनची द्राक्षं येतात तोडणीला तेव्हा पुढे उन्हाळा उभा असतो. थंड प्रदेशात ३० मिलिग्रॅममध्ये जे निभावतं, ते इथे निभावेलच असं गृहीत धरता येत नाही. आणि उंदीर-दोषाला चढा पीएच मानवतो. एका जागी सिद्ध झालेला निष्कर्ष दुसऱ्या जागी नेताना कुठल्या अटी बदलल्या, ते तपासणं याला पुस्तकात ‘बाह्य वैधता’ म्हणतात. तिच्यासाठी ती पंप, थंड पाण्याच्या टाक्या आणि विजेचं बिल आहे.

बाजार. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अवशेषांवरून नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती, ते तिच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. तो फटका कडू होता, पण त्यात एक आकडा होता. आकड्याशी भांडता येतं, सुधारता येतं, पुढच्या वर्षी तपासून दाखवता येतं. ‘नैसर्गिक’ या शब्दाशी असं काही करता येत नाही.

शेवटी तिने ठरवलं ते असं: पहिल्या हंगामात लागवड नाही. जवळच्या वाइन-द्राक्षांच्या बागेतून थोडा माल घ्यायचा, त्याचे तीन लहान भाग करायचे. एकाला नेहमीइतकं सल्फाइट, एकाला अगदी थोडं, एकाला शून्य. दर पंधरवड्याला पीएच मोजायचा, आणि कुठला कॅन कुठला ते न सांगता घरच्यांना चाखायला द्यायचं. वडील हसले म्हणे, पण कॅन आणून देतो म्हणाले.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातला एक लाडका शब्द घ्या. ‘सक्षमीकरण’, ‘शाश्वत’, ‘गुणवत्ता’, ‘पारंपरिक’, कुठलाही. एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात त्या शब्दात दडलेले सुटे दावे लिहा. दुसऱ्यात प्रत्येक दावा कुठल्या प्रकारच्या पुराव्याने तपासता येईल ते. तिसऱ्यात, काय दिसलं तर तो दावा खोटा ठरेल ते. चौथ्यात, तुम्ही वाचलेल्या पेपरने प्रत्यक्षात कुठला पुरावा दिला ते.

मग एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला तोच पेपर देऊन तेच रकाने स्वतंत्रपणे भरायला सांगा. आधी आपला कागद दाखवू नका. नंतर दोन्ही शेजारी ठेवा आणि जिथे तुमचं पटत नाही त्या ओळींवर खूण करा. त्या ओळी पुसून एकमत करायची घाई नको. लिटरेचर रिव्ह्यूमधला तुमचा स्वतःचा पहिला परिच्छेद बहुधा तिथूनच लिहायला घेता येईल.